शर्यतीला मैदान नको, माळाचा एक कोपरा द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात सांगलीतल्या विश्रामबागच्या एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. रविवारी सकाळी मैदानावर काही पोरं रिमोटच्या गाड्या पळवतात, धुरळा उडवतात, फिरायला येणाऱ्यांच्या पायात गाड्या येतात, आणि बापाच्या पैशावर चाललेली ही खेळणी मैदानाबाहेर काढावीत, असं त्यांनी लिहिलं आहे. मी त्या गटात आहे. वयानं सगळ्यांत मोठी मीच, म्हणून उत्तर मी लिहिते आहे.

मैदानाबद्दल त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. दीड किलोची गाडी ताशी चाळीस किलोमीटरनं घोट्यावर आदळली तर धडधाकट माणूसही खाली बसेल. जिथं सकाळी वयस्कर माणसं चालतात, पोरं क्रिकेट खेळतात, तिथं ही शर्यत व्हायला नको. आम्हाला आधी माधवनगरच्या पलीकडं एका शेतकऱ्यानं पडीक तुकडा वापरायला दिला होता. यंदा त्यानं तिथं ऊस लावला, म्हणून काही रविवार पोरं मैदानावर गेली. पत्र छापून आल्यापासून तेही बंद आहे. पण हा पोरखेळ आहे आणि तो श्रीमंतांचा आहे, हे दोन्ही आरोप मी तसेच सोडणार नाही.

माझं माधवनगर रस्त्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, यजमानांनी वाढवलेलं. त्यांच्यामागं आता मी आणि दोन कामगार चालवतो. फेब्रुवारी ते मे दुकानात पाय ठेवायला जागा नसते. विहिरीवरच्या, नदीवरच्या, बोअरच्या मोटरी येत राहतात. एक फेज गेला आणि स्टार्टरनं वेळेवर ट्रिप मारली नाही की वाइंडिंग काळं ठिक्कर पडतं, ते काढून आम्ही नवीन भरतो. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं एक दिवस ही गाडी काउंटरवर आणून ठेवली आणि म्हणाला, "आत्या, मोटर लई तापाय लागल्या, बघ की जरा." पत्र्याच्या कडा उचलून मोटर उघडली. आत अंगठ्याएवढं आर्मेचर, म्हणजे तारेचे वेढे घातलेला फिरता भाग, त्याला तीन पोल, वेढ्यांना करंट पोचवणारा तीन भागांचा गोल कम्युटेटर, आणि त्यावर घासणारे दोन कार्बन, म्हणजेच ब्रश. मोटरीत दोष काहीच नव्हता. वेग मिळावा म्हणून शाफ्टवर मोठं पिनियन, म्हणजे मोटरीचा दातेरी गिअर, बसवलं होतं आणि मोटर त्या ओझ्याखाली धापा टाकत होती. दोन दात कमी असलेलं पिनियन लावलं, तापणं थांबलं. त्या दिवसापासून मी या गाड्यांत गुंतले, आणि आता गटातल्या सगळ्यांच्या मोटरी माझ्याच दुकानात तपासल्या जातात.

ज्यांनी ही गाडी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खडबडीत मातीवर पळणाऱ्या खऱ्या बग्गी मोटारीच्या एक दशांश मापाची ही गाडी, लांबीला हातभरही नाही. मोटर मागं, ओढ मागच्या दोन चाकांना. चार चाकांना धक्के झेलणारे चार स्वतंत्र शॉक, आतून तेल भरलेले. मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच. पुढची चाकं वळवायला सर्व्हो नावाची छोटी मोटर, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर. बाजारात हजार-पाचशेला मिळणारी रिमोटची गाडी तुटली की फेकून द्यावी लागते. हिचा प्रत्येक स्क्रू सुटतो आणि प्रत्येक भाग वेगळा मिळतो. प्रकार काही काल-परवाचा नाही. जपानच्या टामिया कंपनीनं ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या बग्ग्या १९८४ मध्ये आणल्या, त्याच वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेडची आरसी-१० निघाली, आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात डेल मार इथं एक दशांश बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. म्हणजे भाचा जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून मोठी, जाणती माणसं हे गंभीरपणे करत आली आहेत.

आता पैशाचं. आमच्या गटात हळदीच्या अडतीत हिशेब लिहिणारा एक मुलगा आहे. एक जण कुपवाडला सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर, दोन पाळ्यांत काम करतो. मिरजेच्या एका रुग्णालयातला एक्स-रे काढणारा आहे. आयटीआयची वायरमन ट्रेडची एक मुलगी आहे, जिच्या हाताची सोल्डरिंग मला माझ्या दुकानात हवी होती. एका बांधकाम ठेकेदाराचा मुलगाही आहे, हे खरं. त्याच्या गाडीतली एकटी मोटरच हळदवाल्या मुलाच्या अख्ख्या गाडीपेक्षा महाग आहे. अशी माणसं एका शर्यतीत उतरवायची तर नियम कडक लागतो, आणि तो आम्ही केला आहे.

आमच्या मुख्य वर्गात मोटर स्वतःची आणायचीच नाही. सगळ्यांना सारख्या, साध्या ५४० मापाच्या, २७ टर्नच्या, म्हणजे तारेच्या २७ वेढ्यांच्या, ब्रशवाल्या मोटरी. त्या गटाच्या पैशातून एकदम घेतल्या आणि माझ्या दुकानात कुलपात असतात. नवी मोटर आली की तिला आधी दोन-तीन व्होल्टवर हलकेच फिरवायची. कार्बनचं तोंड सपाट असतं आणि कम्युटेटर गोल. कार्बन झिजून त्याला ती गोलाई आली की ठिणग्या कमी होतात, मोटर पुढं टिकते. मग सगळ्या मोटरी एकाच सप्लायवर, एकाच व्होल्टेजला, बिनओझ्याच्या फिरवून बघते. मिनिटाला फेरे किती, करंट किती, दोन्ही वहीत. जी मोटर इतरांपेक्षा फार पुढं पळते ती बाजूला, जी रडते तीही बाजूला. उरलेल्यांवर नंबर टाकायचे आणि शर्यतीच्या सकाळी चिठ्ठ्या उचलायच्या. ज्याला जो नंबर निघेल ती मोटर त्याची, शर्यत संपली की परत. ठेकेदाराच्या मुलालाही हीच, हळदवाल्यालाही हीच.

शर्यत बघायला या म्हटलं की लोकांना वाटतं, गाड्या पळतील आणि कोणीतरी जिंकेल. सांगली जिल्ह्याला शर्यत म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. बैलगाडी शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये कायम ठेवला तेव्हा गावागावांत गुलाल उधळला गेला, तो मी बघितला आहे. तिथं जसे झेंडेवाले, पंच आणि निकालाची शिस्त असते तशी आमच्याकडंही आहे. गाडी चालवणारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहतात, कारण उंचावरून सगळा ट्रॅक दिसला पाहिजे. ट्रॅकवर दोन्ही बाजूंना ठिबकच्या जुन्या नळ्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या, उड्यांसाठी मुरमाची पोती घालून वर माती चोपलेली. शर्यत पाच मिनिटांची. पाच मिनिटं झाली की शिट्टी, पण चालू असलेली फेरी पूर्ण करायची. ज्याच्या फेऱ्या जास्त तो पुढं, फेऱ्या सारख्या असतील तर ज्याला वेळ कमी लागला तो पुढं. मोठ्या क्लबांत ट्रॅकखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं, गाडीत तिची ओळख कळवणारा ट्रान्सपाँडर बसवतात आणि संगणक फेऱ्या मोजतो. आमच्याकडं दोघं जण वही-पेन आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसतात. एक नंबर पुकारतो, दुसरा रेघ मारतो.

यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट मार्शलची. पाच मिनिटं गाडी चालवून उतरलात की चहा प्यायला जायचं नाही. रिमोट ठेवायचा आणि ट्रॅकवर ठरलेल्या वळणावर जाऊन उभं राहायचं, पुढच्या शर्यतीतल्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला. मघाशी ज्यानं वळणावर तुम्हाला मागं टाकलं त्याची गाडी उताणी पडली तरी धावत जाऊन तुम्हीच उचलायची. आधी मागून येणाऱ्या गाड्या बघायच्या, मग हात घालायचा, आणि गाडीचं तोंड शर्यतीच्या दिशेला करून ठेवायची. जो मार्शल म्हणून उभा राहिला नाही त्याची दिवसातली सगळ्यांत चांगली पात्रता फेरी कापली जाते. ठेकेदाराच्या मुलाची एकदा कापली गेली. तो रागावला, दुपारपर्यंत बोलला नाही, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी वळणावर जाऊन उभा राहिला. शाळा-कॉलेजांत 'खिलाडूवृत्ती'वर भाषणं होतात, इथं तिला नियम लावलेला आहे.

महिन्यातून एकदा खुला वर्ग होतो. त्यात ज्याला जी हवी ती मोटर. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी ठेकेदाराचा मुलगा साडेतेरा टर्नची ब्रशलेस मोटर, म्हणजे कमी वेढ्यांची, जास्त पळणारी, बिनकार्बनची मोटर घेऊन उतरला. मुरूम वरून वाळून कडक झाला होता आणि त्यावर बारीक भुगा साचला होता. सरळ पट्टीवर त्याच्या गाडीला कुणी शिवू शकत नव्हतं. वळण आलं की मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी तोंड फिरवून उलट बघायची. हळदवाल्यानं त्याच जुन्या २७ टर्नवर, मागच्या स्प्रिंगा एक नंबर मऊ करून आणि टायर बदलून, एक पूर्ण फेरी जास्त मारली. हा योगायोग नव्हता. गाडी सुधारणं म्हणजे काय हे त्याला कळलं होतं, आणि त्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या दैनिकाचे वाचक असलेले किती तरी आई-वडील आत्ता पोरांच्या हट्टापायी चुकीच्या जागी पैसे घालत असतील.

गाडी घेतली की पोरगं पहिल्यांदा मोटर मागतं. ती शेवटी द्या. सुरुवातीच्या बऱ्याच किटमध्ये चाकांच्या आणि गिअरच्या शाफ्टला बेअरिंगऐवजी प्लास्टिकच्या बुश असतात. आपल्या भागातला मुरमाचा धुरळा त्यात शिरला की त्या शाफ्टला घासतात, बॅटरी लवकर संपते आणि चाक डगडगायला लागतं. बऱ्याच गाड्यांना लागणारं बेअरिंग म्हणजे आतला व्यास ५ मिमी, बाहेरचा ११, जाडी ४. बेअरिंगच्या दुकानात एमआर ११५ म्हणून विचारायचं, दोन्ही बाजूंनी झाकलेलं घ्यायचं. एवढ्या एका बदलानं तीच मोटर, तीच बॅटरी जास्त वेळ चालते. शर्यतीनंतर बेअरिंग पेट्रोलमध्ये खळबळून, वाळवून, एक थेंब हलकं तेल सोडलं की बरेच महिने जातात.

मग टायर. या टायरमध्ये हवा नसते, आत फोमची रिंग असते, आणि टायर रिमला फेविक्विकसारख्या गोंदानं चिकटवतात. कडा नीट चिकटली नाही तर उडी मारून खाली येताना टायर रिम सोडतो. वरचे काटे किती लांब हे जमिनीवर ठरतं. मोकळ्या, भुसभुशीत जागेला लांब काटे. पाणी मारून चोपलेल्या, कडक ट्रॅकला बारीक, आखूड काटे. दुकानदार सांगेल तो टायर घेऊ नका, आधी ट्रॅकवर जाऊन अंगठ्यानं माती दाबून बघा.

शॉक हा माझ्या आवडीचा भाग. आत सिलिकॉनचं तेल असतं आणि छिद्रं असलेला पिस्टन त्यातून वर-खाली होतो. तेल जाड तर शॉक सावकाश हलतो, पातळ तर भरभर. ऊन वाढलं की तेल पातळ होतं. डिसेंबरच्या सकाळी जी गाडी उडीनंतर मऊ बसते तीच मे महिन्याच्या दुपारी जमिनीला पोट घासते. आम्ही थंडीत ३० वेटचं तेल घालतो, उन्हाळ्यात ४०; वेटचा आकडा मोठा तितकं तेल जाड. भरायची पद्धत माझ्या कामगारांनाही शिकवली आहे. शॉक उभा धरायचा, पिस्टन खाली ओढायचा, तेल काठोकाठ घालायचं. मग दांडी अगदी हळू वर-खाली करायची, म्हणजे पिस्टनखाली अडकलेले बुडबुडे वर येतात. घाई केली तर एका बुडबुड्याचे दहा होतात. दहा मिनिटं तसाच उभा ठेवायचा. बुडबुडे गेले की रबराची टोपी बसवायची, दांडी अर्धी आत ढकलून जास्तीचं तेल बाहेर येऊ द्यायचं, आणि झाकण आवळायचं. शेवटी डावा आणि उजवा शॉक तोंडाला तोंड लावून एकत्र दाबायचे. एक लवकर दबला आणि दुसरा अडून राहिला तर दोन्ही उघडून परत भरायचे, कारण ती गाडी डावं वळण एक घेणार आणि उजवं दुसरंच.

पिनियन आणि मोठा गिअर यांच्यातलं अंतर हा असाच नाजूक मामला. फार घट्ट बसवले तर मोटर कण्हते, सैल बसवले तर दात जातात. त्यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. वर्तमानपत्राच्या समासाची एक पट्टी फाडायची, दोन्ही गिअरच्या मध्ये घालायची, मोटर त्यावर दाबून स्क्रू आवळायचे आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या सुरकुत्या स्पष्ट उमटल्या आणि ती फाटली नाही, तर अंतर बरोबर. आमच्या गटात हे काम आपल्याच दैनिकाच्या कडेनं होतं.

अॅल्युमिनिअमच्या चकचकीत भागांवर पोरांचा फार जीव असतो. निळे, लाल, सोनेरी. माझा सल्ला असा की चाकाला धरणारे खालचे आर्म प्लास्टिकचेच राहू द्या. प्लास्टिक दगडावर आपटलं की लवतं आणि परत येतं. फारच झालं तर एकटं तुटतं, आणि ते स्वस्तात मिळतं. अॅल्युमिनिअमचा आर्म वाकतो आणि वाकलेलाच राहतो, किंवा स्वतः न तुटता धक्का आत चेसिसकडं, गाडीच्या सांगाड्याकडं, पाठवतो. खर्च करायचाच तर स्टीअरिंगच्या सर्व्होवर करा. हलक्या प्रतीच्या सर्व्होचे प्लास्टिकचे दात पहिल्याच जोराच्या टकरीत जातात आणि मग गाडी सरळ रेघेत थेट नळ्यांवर.

हे सगळं झाल्यावर मोटर. आणि इथं माझा धंदा कामाला येतो. टर्न म्हणजे एका पोलवर तारेचे किती वेढे. वेढे कमी केले की तार जाड घालता येते, अडथळा कमी, करंट जास्त, फेरे जास्त. शेतकऱ्याला मी तीस वर्षं सांगत आले की वेढे कमी भरून मोटर 'पळवून' घेऊ नकोस, जळेल. नेमकं तेच मी या पोरांना सांगते. ब्रशलेस मोटर म्हणजे आपल्या विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटरीची चुलत बहीण. वाइंडिंग बाहेर, स्थिर. फिरतो तो आतला चुंबक. बॅटरीच्या डीसी करंटमधून तीन फेज तयार करायचं काम स्पीड कंट्रोलर करतो. विहिरीवर पंप उलटा फिरला तर आपण दोन फेज अदलाबदल करतो. बिनसेन्सरच्या ब्रशलेस मोटरलाही तेच चालतं, सेन्सरवालीला मात्र ए, बी, सी या खुणांप्रमाणंच तारा जोडायच्या. फेरीनंतर मोटरीचं तापमान बघायची सवय लावा. आम्ही सत्तर अंशांच्या पुढं गेली की थांबवतो आणि एक दात कमी असलेलं पिनियन लावतो. त्याहून फारच तापू दिली तर आतल्या चुंबकाची ताकद कायमची उतरते, आणि ती परत भरून देणारं दुकान सांगलीत नाही, माझं धरून.

बॅटरीबद्दल थोडक्यात, पण हे कृपया गाळू नये. लिथियम पॉलिमर बॅटरी मोबाइलसारखी रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही. दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची म्हणतात, पूर्ण भरली की ८.४. सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरनंच भरायची, ५००० एमएएच क्षमतेच्या बॅटरीला ५ अँपिअर पुरेत. चालवताना सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ वर आणून ठेवायची. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर, शेजारी वाळूची बादली. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत कधीही नाही. फुगलेली बॅटरी 'अजून चालतेय' म्हणून वापरू नये. आमच्या गटात फुगलेली बॅटरी घेऊन आलेल्याला त्या दिवशी ट्रॅकवर सोडत नाहीत, मग तो कोणीही असो.

एक तक्रार मात्र सरकारकडं आहे. या गाड्यांचे बरेचसे भाग बाहेरून येतात आणि कस्टममध्ये ते खेळणं ठरतात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्रही सक्तीचं झालं. लहान मुलांच्या तोंडात घातक रंगाचं प्लास्टिक जाऊ नये यासाठी तो नियम आहे, आणि आई म्हणून तो मला हवाच आहे. पण त्या आदेशात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांसाठीची वस्तू, आणि या किटच्या खोक्यांवर '१४ वर्षांपुढील' असं छापलेलं असतं. मोठ्यांच्या स्पर्धेसाठी लागणारा गिअरचा संच आणि बाळाचा खुळखुळा एकाच तराजूत तोलू नयेत, एवढंच मागणं आहे. भाच्याचं एक पार्सल असंच अडकून पडलं होतं. त्यात होते काय, तर शॉकचे चार पिस्टन.

त्या पार्सलची वाट बघताना पोरांनी जे केलं त्याचा मला अभिमान वाटतो. सीएनसीवाल्या मुलानं डेल्रीन या कडक प्लास्टिकच्या दांडीतून पिस्टन कातले, त्यांना १.२ मिमीची छिद्रं पाडली, आणि ते मूळ पिस्टनपेक्षा नीट बसले. मग त्यानं शॉकच्या दांड्या केल्या, मुरमावर आपटून वाकलेल्या मागच्या चाकांच्या अॅक्सलही नव्या केल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये याच जिल्ह्यात, ओसाड माळावर नांगराचा कारखाना उभा केला. मिरजेत भोपळ्यातून सतार घडवणारे हात अजून आहेत. बारीक, नेमकं काम हा या भागाचा गुण आहे आणि हा खेळ त्या गुणावरच चालतो. वायरमनची मुलगी आता स्पीड कंट्रोलर उघडून जळालेला घटक बदलते. डिप्लोमाच्या वर्गात डिफरन्शियल फळ्यावर काढून शिकवतात. भाच्यानं त्यात ३००० आणि ५००० नंबरचं तेल आलटून-पालटून घालून वळणात फरक कुठं पडतो ते स्वतः बघितलं आहे.

आता मूळ मुद्दा, जागेचा. आम्हाला मैदान नको. तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद एवढा तुकडा पुरतो. गाड्या सगळ्या बॅटरीवरच्या, इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. काळ्या मातीत ट्रॅक होत नाही, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात चाकांना चिकटते. वर चार-सहा इंच मुरूम पसरायची परवानगी हवी, मुरूम आम्ही आणू. धुरळ्यासाठी सकाळी पाणी मारावं लागतं, तेही पिण्याचं नको, बोअरचं चालेल. पक्कं बांधकाम काहीच नाही. म्हणूनच आमची सूचना आहे की कृष्णेच्या निळ्या पूररेषेच्या आतल्या, जिथं कुणाला बांधायला परवानगी मिळत नाही अशा महापालिकेच्या एखाद्या मोकळ्या जागेचा विचार व्हावा. जून ते सप्टेंबर आम्ही तशीही शर्यत घेत नाही. २०१९ सारखं पाणी आलं तरी तिथं वाहून जायला नळ्या आणि पोत्यांशिवाय काही नसेल, आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढून ट्रॅक परत उभा करायला आम्हाला दोन रविवार लागतील. वस्तीपासून जरा लांब, भोवती कमरेएवढं जाळीचं कुंपण, ते आमच्या खर्चानं. वार्षिक भाडं महापालिका ठरवेल ते. शर्यत फक्त रविवारी सकाळी सात ते अकरा. इतर दिवशी आयटीआय किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांना चाचण्यांसाठी जागा हवी असेल तर कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडं राहील.

या मागणीचा अर्ज तयार आहे. त्याला ट्रॅकचा मापांसह नकाशा, सुरक्षेचे नियम आणि बॅटरी हाताळण्याची पद्धत जोडली आहे, गटातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. नागरिकांच्या सह्यांसाठी मागं दोन कोरे कागद लावले आहेत. ज्यांना सही करायची असेल, किंवा सही करण्याआधी गाडी उघडून बघायची असेल, त्यांनी दुकानात यावं. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं आणि सोमवारी सुट्टी.

आपली,
मोटर रिवायंडिंग व्यावसायिक,
माधवनगर रस्ता, सांगली